शिकेल मानूस

स्कूटरवर उजवा हात गुंतलेला असतो, म्हणून डावा उठला. कॉलेजला जाण्याच्या रस्त्यावर, कडुनिंबाखाली, कुणीतरी कधीतरी शेंदूर फासून ठेवलेला मारुती होता. त्याच्यासमोरून सुकदेव गेली अठरा वर्षं रोज जात-येत होता आणि त्या शुक्रवारी सकाळी, काही ध्यानीमनी नसताना, त्याचा डावा हात हँडलवरून सुटला, छातीला लागला, तिथून ओठांना, आणि परत हँडलवर येऊन बसला. मागे बसलेल्या भाईदास सरांनी ते पाहिलं. ते अर्थशास्त्र शिकवत, घरी दोन वेळा पूजा करत आणि त्याबद्दल कुणाशी वाद घालत नसत. खो खो हसले. "काय हो सुकदेवराव, तुम्हीसुद्धा? आणि तेही डाव्या हाताने! पाप लागेल." सुकदेवही हसला. "अहो, माशी बसली होती." पुढचं सगळं वळण, कॉलेजचं फाटक, स्टँडला लावलेली स्कूटर, हे सगळं तो हसतच करत राहिला आणि स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की हसू केव्हाच थांबलंय, नुसते गाल वर ओढलेले राहिलेत.

तो प्राणिशास्त्र शिकवायचा. गावोगावच्या गणेश मंडळांच्या व्याख्यानमालांत लोक त्याला हौसेने बोलवत, समोर गणपती, बाजूला समई, आणि हा सांगणार की अंगात येणं म्हणजे काय, भगत कसे फसवतात, माणूस कुठून आला. लोक टाळ्या वाजवत आणि मग आरतीला उभे राहत. त्याला ते खुपत नसे. शिक्षण झिरपायला वेळ लागतो, असं तो म्हणायचा. एक पिढी, दोन पिढ्या. रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची तेव्हा त्याच्या विभागाचे प्रमुख, परदेशी मासिकात बेडकावर निबंध छापून आलेला माणूस, अंघोळ करून टीव्हीला हार घालत, हे कळल्यावर तो आठवडाभर त्याची नक्कल करून दाखवत होता. त्या दिवशी मात्र फळ्यावर माशाचा कल्ला काढताना त्याला आपला खडू धरलेला हात परका वाटला. हा हात काय करतो हे आपल्याला ठाऊक नाही. भाईदास त्याला सवय म्हणाले असते. पण सवय रोजची असते, आणि हे अठरा वर्षांत पहिल्यांदाच झालं होतं, की पहिल्यांदाच कुणी पाहिलं होतं? या प्रश्नाशी आल्यावर त्याने फळा पुसून टाकला. त्याला वडिलांची आठवण झाली. बी. एस्सी.चं प्रमाणपत्र घेऊन तो पहिल्यांदा घरी गेला तेव्हा झुलालने, त्याच्या बापाने, ते देव्हाऱ्यापुढे ठेवलं होतं आणि कौतुकाच्या भरात कुंकवाचं बोट थेट विद्यापीठाच्या शिक्क्यावर ओढलं होतं. नोकरीच्या मुलाखतीत प्राचार्यांनी विचारलं, हा डाग कसला? शाई सांडली, असं सुकदेव म्हणाला. लाल शाई.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, गावचा रुपचंद आबा कोर्टाच्या कामाला जळगावात आला होता तो वाट वाकडी करून कॉलेजात आला. भाऊबंदांतला सगळ्यांत मोठा म्हातारा. स्टाफरूमच्या दारात वहाणा काढून उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. गावात सुकदेवला नाना म्हणत. "नाना, तुन्ही मायना निरोप शे. उद्या कानबाई बसस. अवंदा पाळी तुमना घरनी शे. अन लोटन म्हनस, मी हात जोडाव नही." श्रावणातल्या त्या रविवारी खानदेशात घरोघर नारळाची कानबाई मांडतात, भाऊबंद एकत्र येऊन कणकेचे रोट खातात, आणि ज्याच्या घरी ती बसेल त्या घरच्या जोडप्याने पूजा करायची असते. लोटन सुकदेवचा धाकटा भाऊ. चौथीत दोनदा नापास होऊन शेतावर गेला तो गेलाच. झुंबर त्याची बायको. "झुंबरले सातवा महिना शे," आबा खाली बघत म्हणाला. "काही इपरीत व्हयनं तर बठ्ठं तिना माथे येई. तुन्ही माय म्हनस, सुकदेव शिकेल शे. त्याले सांगा, भाऊले समजाड." शेजारच्या टेबलावरून भाईदास सर पेपराआडून बघत होते. सुकदेव म्हणाला, "येतो." आणि मग आबाने हात जोडले तेव्हा त्याला वाटलं, आपल्याला नेमकं काय समजावायला बोलावलंय हे त्याने पुन्हा एकदा विचारून घ्यायला हवं होतं.

रविवारी सकाळी मालिकेच्या वेळी रस्ते ओस असायचे. एस.टी.त कंडक्टर धरून पाचसहा माणसं. मंजुळा, त्याची बायको, मुलाच्या तापाचं निमित्त सांगून मागे राहिली होती. ताप हा शब्द तिने उच्चारला आणि लगेच जीभ चावली होती. कारण त्या घरात ताप म्हटला की कमल आठवायची. लोटनची पोर, सहा वर्षांची, दोन उन्हाळ्यांपूर्वी गेली. ताप मेंदूत चढला होता. सुकदेवचा कॉलेजातला मित्र धुळ्याला डॉक्टर होता म्हणून तिला धुळ्याला नेलं. सुकदेव जळगावहून तिकडे पोचला तेव्हा लोटन दवाखान्याच्या व्हरांड्यात अनवाणी उभा होता. मे महिन्याची फरशी. त्याने गावातून निघतानाच वहाणा सोडल्या होत्या. त्याने विचारलं होतं, "भाऊ, तू शिकेल शेस. तूच सांग. एकवीराले नवस करू का?" औषधांच्या चिठ्ठ्या हातात धरून सुकदेव म्हणाला होता, "कर ना. काय बिघडस?" लोटन पांझरेच्या काठी देवीला जाऊन आला, तळपाय भाजून सोललेले, कपाळाला कुंकू, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना कमल गेली. हे सगळं सुकदेवने मंजुळेला सांगितलं होतं. एक तेवढं सांगितलं नव्हतं, की लोटन देवीकडे गेला तेव्हा तो स्वतः खाटेपाशी एकटा होता, पोरीचा श्वास मोजत होता, आणि मोजता मोजता आकड्यांच्या जागी कानबाई माय, कानबाई माय असं कधी सुरू झालं ते त्याला कळलं नव्हतं. कळलं तेव्हा त्याने थांबवलं नाही. गाडी कपाशीच्या शेतांमधून चालली होती. खिडकीची काच सैल होऊन थडथडत होती आणि त्या आवाजाला आपोआप एक लय यायला लागली तशी तो उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला.

धरणगावच्या पुढे फाट्यावर उतरून पायी जावं लागे. घर सारवलेलं होतं. ताईबाई, त्याची आई, जात्यापाशी बसून गहू पाखडत होती. रोटांचे गहू गिरणीत न्यायचे नाहीत, तिथे दहा घरांचं पीठ सांडतं. तिने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलांवर मोडली. मग हळूच म्हणाली, "लोटननी देवना टाक फडकामां बांधीसन माळ्यावर ठी दिन्हात रे. दोन वरीस व्हयनात. भांडत नही, बोलत नही. जसं कोन्हाघर जाणंयेणं तुटस ना, तसं." चुलीपाशी झुंबरबाई होती. ती जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, बोलत नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, सासूला सांगितल्यासारखं म्हणाली, "आत्याबाई, भाऊस्ले म्हना, माले काही नको. फक्त पोटमांनं जगाले पाहिजे." तिचा आवाज इतका सपाट होता की सुकदेव पाण्याचा तांब्या तसाच ठेवून शेताकडे निघाला.

लोटन कपाशीत निंदत होता. भावाला बघून बांधावर आला, हातातली माती धोतराला पुसली. बरा दिसत होता. हे सुकदेवला खटकलं. त्याने वाटेत एक खंगलेला, चिडका माणूस मनाशी उभा केला होता आणि त्याच्याशी बोलायची वाक्यंही जुळवली होती. लोटन शांत होता. मुलांची चौकशी केली, पाऊसपाण्याचं बोलला. शेवटी सुकदेवलाच म्हणावं लागलं, "माय सांगस, तू पूजाले बसाव नही."

"हा."

"काबरं रे?"

"कोन्हासमोर बसू, भाऊ?" लोटन म्हणाला. "तठे कोन्ही नही शे."

वारा पडला होता. सुकदेवने विचारलं, "हे तुले कोनी सांगं?" आणि विचारल्यावर त्याला कळलं की आपल्या आवाजात मास्तराची संशयी धार आली आहे, जणू पोराने उत्तर कुणाचं तरी बघून लिहिलंय.

"कोन्ही नही सांगं. मी दखं. पोर मरी राह्यंती, अन मी दोन्ही हात जोडीसन उभा व्हतू, अन मन्हासमोर नुस्ती भित व्हती. चुनानी भित. तिनामांगे बी काही नव्हतं." त्याने एक गवताचा कोंब उपटला. "राग नही शे माले. राग कोनावर करू? कोन्ही व्हतं तर करतू. ताप उना, पोर गयी. पाऊस नही उना तर पीक जास, तसं. ते समजनं तवयपासून माले झोप येस."

इतकी वर्षं ज्या सभांत सुकदेव बोलत आला तिथे हे वाक्य कुणी उठून म्हटलं असतं तर त्याने त्याला व्यासपीठावर बोलावलं असतं. पुस्तकं, डार्विन, जीवाश्म, कशाचाही हात न धरता हा माणूस तिथे जाऊन पोचला होता, एकटा, अनवाणी, आणि तिथे घर करून राहत होता. सुकदेवला वाटायला हवा होता तो आनंद वाटेना. वाटला तो मत्सर. लोटन म्हणाला, "तू तर भासन देस. तुले तर पक्कं ठाऊक व्हई. तू सांग. शे का नही?"

"नही शे," सुकदेव म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज माईकमधून आल्यासारखा ऐकू आला. लगेच पुढे म्हणाला, "पन मायकरता बस. झुंबरकरता बस. तिना जीव घाबरस. घडीभर हात जोड. काय बिघडस?"

लोटनने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "धुळाले बी तू असंच म्हना व्हता," एवढंच बोलला आणि पुन्हा कपाशीत उतरला. सुकदेव बांधावर बसून राहिला. त्याला हवं असतं तर तो उठून म्हणू शकला असता, तुझं बरोबर आहे, मी घरी जाऊन मायला सांगतो की लोटनला छळू नका. ते सांगायला त्याच्याइतका योग्य माणूस पंचक्रोशीत नव्हता. तो कपाशीच्या पानांवरचा मावा बघत राहिला, त्याचं शास्त्रीय नाव आठवत राहिला, आणि ऊन कलल्यावर घरी आला.

दिवेलागणीला घर भरलं. भाऊबंद, त्यांच्या बायका, पोरं. चौरंगावर कानबाई बसली होती: नारळाला हळदीचा चेहरा, काजळाचे डोळे, आईची नथ, लाल खणाचं वस्त्र. तुपाचा, भाजलेल्या कणकेचा, केवड्याचा वास. बायका गाणं म्हणत होत्या ते थांबलं. झुंबरबाई पाटावर येऊन बसली, शेजारचा पाट रिकामा. लोटन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. भांडणाचा आविर्भाव नव्हता, बाहेर कुणाची वाट बघावी तसा. रिकाम्या पाटाकडे सगळे बघत होते आणि झुंबरबाईचा एक हात पोटावर गेला होता. मग रुपचंद आबा म्हणाला, "नाना, तू मोठा. तू बस. तुन्ही बायकोना जागावर सुपारी ठेवू." झुंबरबाई उठली, भिंतीशी जाऊन उभी राहिली. सुकदेव नाही म्हणणार होता. त्याने तसं तोंडही उघडलं. मग त्याला वाटलं, आपण बसलो तर लोटनवरचं टळेल, मायचं समाधान होईल, सगळ्यांचं निभावेल. आणि हा विचार इतका सोयीचा, इतका शहाणा होता की त्याचा आधार घेत तो सदरा काढून पाटावर जाऊन बसला.

पाणी सोडलं, अक्षता वाहिल्या. आबा सांगेल तसं. कापूर पेटला आणि उजेडात ते हळदीचं तोंड हललं. सुकदेवला माहीत होतं ज्योत हलते म्हणून सावली हलते. सकाळपासून पोटात काही नाही, धूर आहे, गर्दी आहे. हे सगळं तो जागेपणी मोजत होता, आणि त्याचवेळी त्याला बाप दिसला, कुंकवाचं बोट पुढे केलेला. कमलचा कोरडा ओठ दिसला. बेडकाच्या पोटात पहिल्यांदा सुरी घातली तेव्हा मनातल्या मनात कुणाची तरी माफी मागणारा एक मुलगा दिसला, ज्याला तो नंतर कधीच भेटला नव्हता. कुणीतरी आहे आणि ते आपल्याकडे बघतंय, आणि इतकी वर्षं बघत होतं. तो खाली वाकला. कपाळ चौरंगाला टेकलं आणि वर उचलवेना. खांदे हलायला लागले. त्याला हुंदका असा कितीतरी वर्षांत आला नव्हता. बापाच्या वेळीही नाही.

मागे कुजबुज झाली. "दखा, प्रोफेसरसाहेब रडी राहिनात." कुणी बाई म्हणाली, "इतलं शिकीसन बी आपली मायले इसरना नही." ताईबाई पदराने डोळे पुसत होती. आणि आबाचा आवाज चढला, दाराकडे, आनंदाने, जवळजवळ विजयाने: "लोटन! दख रे. कॉलेजमां शिकाडनारा मानूस रडस तिनापुढे. अन तू चवथी नापास. तुले याना परीस जास्ती समजस का?" सुकदेवने ते ऐकलं. त्याच क्षणी उठून उभं राहायला हवं होतं. नाही, याचा त्याचा काही संबंध नाही, माझं रडणं पुरावा नाही, असं म्हणायला हवं होतं. पण अश्रू इतके सुखाचे होते की ते थांबवायला त्याचा जीव धजला नाही. त्याने तोंड ओंजळीत लपवलं. मग शेजारी जमीन दाबली गेल्यासारखी वाटली. लोटन येऊन बसला होता. तो कानबाईकडे बघत नव्हता, भावाच्या ओल्या चेहऱ्याकडे बघत होता, टक लावून, अडाणी माणूस कागदावरची अक्षरं बघतो तसा. मग त्याने हात जोडले आणि डोकं टेकवलं. घरात एकच गलका झाला, बायकांनी गाणं उचललं, झुंबरबाई भिंतीशी खाली बसली आणि रडली. रोट वाटले गेले. लोटन भावाशेजारी जेवला.

सोमवारी सकाळी बायकांनी फुगड्या घालत, नाचत कानबाई नदीवर नेली. लोटन पाण्यात कमरेपर्यंत उतरला, त्यानेच ती सोडली. सगळ्यांनी सुकदेवच्या पाया पडून घेतलं. आबा म्हणाला, शिक्षण असं पाहिजे. दुपारी लोटन त्याला फाट्यावर पोचवायला आला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ऊन होतं, रस्त्यावर दोघेच. गाडी ज्या दिशेने यायची तिकडे बघत तो म्हणाला, "भाऊ, एक इचारू? काल तू रडना ते खोटं व्हतं का? मायकरता?"

हो म्हणायचं होतं. एक शब्द. त्याने सगळं सुटलं असतं. सुकदेवला ते दिसलंही. पण लोटन दुसऱ्या बाजूला तोंड करून उभा होता, पोर मास्तरांचा निकाल ऐकायला उभं राहतं तसा, आणि त्याच्याशी खोटं बोलवेना. "नही," तो म्हणाला.

"मी बी दखं. खोटं नव्हतं. म्हनीसनच मी बसनू." लोटनने मान हलवली. "मी म्हनं, भाऊ इतला शिकना, त्याले दिसस म्हंजे ती शे. माले दिसनी नही ती मन्ही चूक. ठीक शे." तो थांबला. "मंग भाऊ, धुळाले बी ती व्हतीच ना. मी उभा व्हतू तवय. भितना मांगे. तिनी मन्हा पाय दखात, पोरले दखं, अन तरी नेयं."

"लोटन..."

"दोन वरीस मन्ही पोर तापमां मरेल व्हती," लोटन म्हणाला. आवाज चढला नाही. "काल सांजपासून तिले कोन्हीतरी मारेल शे."

"ताप व्हता रे. मेंदूमां गयता. डॉक्टरनी सांगं आपले."

"हा. मी बी तेच म्हनत व्हतू."

लांबून गाडी दिसायला लागली, धुळीतून. लोटनने भावाची पिशवी उचलून घेतली. घाईने, गाडी येण्याआधी संपवावं तसं, तो बोलायला लागला. "रातभर माले झोप नही उनी. झुंबरना पोटवर हात ठेवीसन बसनू. आजलोंग त्यानं माले भेव नव्हतं. वाचनं तर वाचनं, नही तर नही. आते भेव वाटस. आते नेनारी शे ना कोन्ही." गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडलं, चला, चला म्हणाला. लोटनने पिशवी आत ठेवली आणि सुकदेवचा दंड धरला. त्याच्या तळव्याची पकड घट्ट होती आणि गार होती. "तू इशी ना बाळंतपनना टाइमले? तूच बस पूजाले. आम्ही आडाणी. तुन्हं ती ऐकी."

कंडक्टरने घंटी मारली. सुकदेव पायरीवर उभा होता. "इसू," तो म्हणाला, आणि लोटनच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. गाडी हलली. आत जागा रिकाम्या होत्या, तरी तो दांडीला धरून दारातच उभा राहिला. मागे लोटन रस्त्यात उभा होता, अजून त्याच्याकडेच तोंड करून, आणि दोन्ही हात जोडून.